आईचं उत्तर, जे कोणत्याच कॅसेटमध्ये नाही

नमस्कार. आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी – बीएस्सी, केमिस्ट्री. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. उसाच्या रसात साखर किती आहे ते मोजायचं, अंदाज करायचा नाही, हे माझं काम. दाराला बांधलेलं लिंबू मी एकदा काढून सरबताला वापरलं होतं, त्यावरून सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

तरी हे लिहितेय, कारण जिथं हे ऐकून घ्यायला हवं होतं तिथं कुणी ऐकून घेत नाही. चिडून लिहितेय. सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी काहींना ‘बोला आणि न्या’ हा टीव्हीवरचा खेळ आठवत असेल. आम्ही शाळेत होतो तेव्हा लागायचा. निवेदकाचा तो मरून कोट, हातातली पितळी घंटा... प्रश्न विचारला की तो घंटा हलवायला लागायचा, आणि ती थांबायच्या आत तोंडानं उत्तर द्यायचं. हातवारे चालायचे नाहीत, लिहून चालायचं नाही. बोला, आणि न्या. हल्ली एका छोट्या चॅनेलवर दुपारी त्याचे जुने भाग परत दाखवत होते. तेव्हापासून फेसबुकवर त्याच्या चाहत्यांचा ग्रुप जोरात आहे. कुणाला चुकीच्या उत्तरावर वाजणारी ढोलकी आठवते, कुणाला कोण काय जिंकलं ते पाठ आहे. मीही त्या ग्रुपवर आहे. कारण माझी आई त्या खेळात गेली होती.

आम्ही मूळचे कळसचे, इंदापूर तालुका. आईचा नंबर लागला त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली. तोडीची टोळी फडात उतरली की घरच्या माणसाला हलता येत नाही, त्यामुळं आप्पा गेलेच नाहीत. आई मामाबरोबर मुंबईला गेली. हे लक्षात ठेवा – आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं नव्हते.

आई सातवी शिकलेली, पण देवळातल्या पारायणात महाभारत ऐकून ऐकून तिचं पाठ. एकामागून एक प्रश्न सोडवत ती शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचली. बक्षीस होतं कलर टीव्ही. प्रश्न आला – पाण्यातलं प्रतिबिंब बघून माशाचा डोळा कुणी फोडला?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. अडचण अशी की माझ्या वडिलांचं नाव अर्जुन.

आईनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ‘रेखाच्या आप्पांचं नाव घेते’ (रेखा म्हणजे मी) एवढंच म्हणून पुढं हसायची. मामा सांगतो, घंटा वाजत होती आणि आई म्हणाली, “कुंतीचा तिसरा.” निवेदक म्हणाला, नाव सांगा वहिनी, नाव. आईनं मान खाली घातली. घंटा थांबली. ढोलकी वाजली. ती घरी आली प्रेशर कुकर घेऊन.

पण टीव्हीवर भाग लागला तेव्हा ‘कुंतीचा तिसरा’ कापलेलं होतं. दिसलं काय, तर मान खाली घालून उभी असलेली माझी आई, आणि हसून “असू द्या, हे शाळेतलं पोरगंही सांगेल” म्हणणारा निवेदक. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं मला विचारायला लागली, तुझ्या आईला अर्जुन माहीत न्हाय व्हय गं? आणि आता एवढ्या वर्षांनी त्या ग्रुपवर तीच क्लिप फिरते. वर लिहिलेलं असतं – ‘काकू लोडिंग...’ खाली शेकडो हसरे चेहरे. ती माझी आई आहे, तिला उत्तर येत होतं, असं मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकानं उत्तर दिलं, ‘हो ताई, सगळ्यांच्याच आईला येतं.’

आप्पांना मात्र त्या गोष्टीचा भारी अभिमान. ओसरीवर कुणी पाव्हणा येऊन बसला की सुरू – “आमच्या मंडळींनी टीव्ही सोडला, पण रीत न्हाय सोडली.” आत आई भांडी आपटायची. एकदाच मला म्हणाली, “मला येत हुतं गं. सगळ्या महाराष्ट्राला वाटतंय, येत न्हवतं.” मी म्हटलं, मग घे की आता नाव, कोण धरतंय? मी माझ्या नवऱ्याला ए सचिन म्हणून हाक मारते, त्याचं काय वाकडं झालं? तर म्हणाली, “त्यांनी एकदा म्हणलं असतं, तर घेतलं असतं.”

आप्पा कधी म्हणाले नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेले.

आता त्या दुपारचं. बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचं घर. मला सुट्टी होती. सचिन कामावर, घरात मी एकटी, मेथी निवडत बसले होते. टीव्ही चालू. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला – याच एका गोष्टीवरून ग्रुपवाल्यांनी मला सोलून काढलंय, म्हणून सांगते. भाग सुरू झाला आणि मी आईची साडी ओळखली. बंद करायला रिमोट उचलला, पण केला नाही.

सगळं नेहमीसारखं झालं. शेवटचा प्रश्न. घंटा. आणि आई म्हणाली, “कुंतीचा तिसरा.”

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. म्हटलं, चला, न कापलेली प्रत मिळाली असेल यांना. निवेदक म्हणाला, नाव सांगा वहिनी. आईनं मान खाली घातली. मग कॅमेरा वळला प्रेक्षकांकडं. तिसरी रांग, अगदी कडेची खुर्ची.

तिथं आप्पा बसले होते.

टोपी, आणि अंगात चॉकलेटी स्वेटर, चेनचा. तो स्वेटर मी माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला आहे. तो खेळ झाला तेव्हा मी सहावीत होते.

आप्पा थोडे पुढं वाकले आणि शेतातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, “घे की नाव. मी सांगतोय न्हवं.”

आईनं वर बघितलं. घंटा अजून वाजत होती. ती म्हणाली, “अर्जुन.” एकदम स्पष्ट. टाळ्या वाजल्या... आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली.

मी उठून मोबाईलकडं धावले, तोवर जाहिराती संपून दुसराच कार्यक्रम सुरू झालेला. आईला फोन लावला. तिनं उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “बघितलंस व्हय?”

मी विचारलं, काय?

“तुझ्या आप्पांनी सांगितलं, घे नाव म्हणून. घेतलं मग. स्वेटर घालून बसलं हुतं बघ. एवढ्या दिव्यांखाली उकडलं असंल.”

स्वेटरचं मी सांगितलं नव्हतं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

मी लगेच ग्रुपवर लिहिलं – आजचा भाग कुणी बघितला, कुणी रेकॉर्ड केला? त्या ग्रुपवर नगरचे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना कॅसेटवाले काका म्हणतात. त्यांच्याकडं म्हणे प्रत्येक भाग टेप केलेला आहे. त्यांनी लिहिलं, ‘ताई, आज तुमचा भाग लागलाच नाही. आज नाशिकच्या जोडप्याचा होता.’ पाठोपाठ पंधरा-वीस जणांनी तेच सांगितलं. कुणी फोटो टाकला – खरंच नाशिकचं जोडपं, शिलाई मशीन जिंकताना. माझ्याकडं स्क्रीनशॉट मागितला. नाही म्हटल्यावर एकानं सल्ला दिला, मेथी निवडताना झोप लागू शकते. वर काकांनी पुरावा म्हणून परत तीच क्लिप टाकली. काकू लोडिंग. चॅनेलला फोन केला तर तिथल्या मुलीनं माझा सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू करायला सांगितला.

म्हटलं ठीक आहे. निदान आई आहे साक्षीला. दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट बघितली, तर काहीतरी प्रक्षेपित झालंच असणार. दुसरी केबल, दुसरी फीड, काहीतरी. शनिवारी कळसला गेले ते याच हिशेबानं.

आईच्या दारात गाडी लावली तर समोरून शकीलाचाची म्हणाल्या, “आलीस? बरं झालं, आजच लाईट आली.” शेजारचं दुकान त्यांचं, आईची रोजची बैठक त्यांच्या ओट्यावर. मी विचारलं, कधीपासून नव्हती? तर मंगळवारी सकाळी गावाला वीज देणारा डीपी जळाला, तो आज बदलला. मंगळवारीच दुपारी मी तो भाग बघितला होता.

मी म्हटलं, चाची, त्या दुपारी आई घरात टीव्ही बघत होती.

चाची माझ्याकडं बघतच राहिल्या. “टीव्ही कशावर लावील, चुलीवर? दुपारभर माझ्या ओट्यावर हुती की, शेंगा फोडत. तुझा फोन आला तवा बी हितंच.”

मी तडक आत गेले. आईला म्हटलं, लाईट नव्हती, तू चाचीकडं होतीस, मग टीव्हीवर बघितलं म्हणून का सांगितलंस?

आई चहा गाळत होती. “टीव्हीवर कुठं म्हणलं मी? बघितलं, म्हणलं.”

मग कुठं बघितलंस? कसं? किती वेळ? मी लॅबमध्ये ट्रेनीलाही इतकं उभं-आडवं विचारत नाही. तिनं कप पुढं केला आणि म्हणाली, “तू बघितलंस तेच. आता तुझ्या चहावर साय धरंल.” यापुढं एक अक्षर नाही. आजतागायत नाही.

मी तिला मोबाईलवर ती जुनी क्लिप दाखवली. स्वतःला मान खाली घालून उभं राहिलेलं तिनं शांतपणे बघितलं. मला वाटलं, आता तरी चिडेल. तर म्हणाली, “ह्यात न्हाय दाखवलं व्हय? ऱ्हाऊ दे.”

ऱ्हाऊ दे! जन्मभर जी गोष्ट उराशी धरून बसली, ती ऱ्हाऊ दे. आणि मी रोज त्या लोकांशी भांडतेय.

गेल्या महिन्यात तिला घेऊन इंदापूरला बँकेत गेले होते, केवायसीला. असल्या वेळी ‘मिस्टरांचं नाव’ विचारलं की आई माझ्याकडं बघते आणि मी सांगते, हे ठरलेलं. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं. सवयीनं मी तोंड उघडलं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“अर्जुन,” ती म्हणाली.

मग काचेजवळ तोंड नेऊन, आणखी मोठ्यानं, “अर्जुन.” मागच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. त्या पोरीला काय कळणार, ती म्हणाली, “हो आजी, लिहिलं.”

बाहेर येऊन आई चप्पल घालत म्हणाली, “सोपं हुतं गं.”

तो कार्यक्रम आता चॅनेलनं बंद केलाय. कॅसेटवाले काका अजूनही म्हणतात, पुरावा पाठवा, लगेच मान्य करतो. झोप, आठवण, दुसरी फीड, सगळं तपासून झालं. स्वेटर कुठंच बसत नाही. तुमच्यातल्या कुणी त्या दुपारी तो भाग बघितला असेल तर कृपा करून सांगा. आणि मला झोप लागली होती असं मात्र सांगू नका.

कुणी समोरासमोर विचारलं की नक्की काय झालं होतं, तर मी मान खाली घालते, त्या क्लिपमधल्या आईसारखी. फरक एवढाच, तिला उत्तर येत होतं.