पसंतीचा क्रम

दोन हजार पाचच्या आसपास आम्हाला मासिक काढायची खुमखुमी आली. आम्ही म्हणजे मी आणि माझा भाईंदरच्या गोडदेव गावातला मित्र. मी गिरगावातून तिथल्याच जवळच्या सिल्व्हर पार्क वसाहतीत राहायला आलेला, ऑफिसात फायली हलवणारा. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती, आता त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. रविवारी माझ्या हॉलमध्ये आठ-दहा जण जमून पटावरचे खेळ खेळायचो. बुद्धिबळ किंवा कॅरम नव्हे. राज्यं वसवायची, व्यापार करायचा, असे तीन-तीन तास चालणारे परदेशी खेळ. विकत कोण घेणार? मित्र सायबर कॅफेतून नियम उतरवून आणायचा, पुठ्ठ्याचा पट कापायचा आणि शर्टाच्या बटणांच्या सोंगट्या करायचा. या खेळांवर मराठीत एक अक्षर नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं. मासिक ही त्याचीच कल्पना.

"नाव 'सोंगटी'," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "दुसरा नाव न्हाय."

मला ते ओसरीवर बसून वेळ घालवणाऱ्यांचं नाव वाटलं. ऑफिसात साहेबांना काय सांगणार, 'सोंगटी'चा संपादक? मला 'बुद्धिरंजन' हवं होतं. कसं भारदस्त, शाळांनाही चालेल असं. तीन रविवार वाद घातला, खेळ राहिला बाजूला. शेवटी मी तोंडाने हो म्हणालो.

मासिकाचं नाव दिल्लीहून मंजूर करून घ्यावं लागतं. अर्जात पसंतीच्या क्रमाने नावं लिहायची. वरून पाहत जातात आणि आधी कुणी घेतलेलं नसेल ते देतात. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी भरला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या टेबलावर, पहिल्या ओळीत 'बुद्धिरंजन' लिहिलं आणि दुसरीत 'सोंगटी'. ठाण्याला कलेक्टर ऑफिसात नेऊनही दिला.

काही महिन्यांनी पत्र आलं. 'बुद्धिरंजन' मंजूर. मित्राने ते दोनदा वाचलं.

"म्हंजे 'सोंगटी' कोनी आदीच घेतली हाय," तो म्हणाला.

"असेल," मी म्हणालो. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर त्याने चार शिव्या घातल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. मी चहा टाकायला आत गेलो.

'बुद्धिरंजन'चे दोन अंक निघाले. पालकांना वाटलं गणिताची कोडी असतील, खेळणाऱ्यांना वाटलं शाळेचं काहीतरी. नया नगरच्या पेपरवाल्याने गठ्ठा परत देताना विचारलं, "भाईसाब, ये ट्यूशन का है क्या?" मित्राने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचा मला राग यायचा, खरंच.

त्याने डोक्यात वेगळंच घेतलं होतं. मराठीत आपल्यासारखाच आणखी एक वेडा आहे आणि तो 'सोंगटी' काढतोय, याची त्याला खात्री होती. दादरला, ठाण्याला, लग्नासाठी पुण्याला गेला तरी स्टॉलवर विचारायचा. त्या अनोळखी संपादकाला पाठवायला त्याने एक लेखही लिहून ठेवला. मला वाचायला दिला. आमच्या दोन्ही अंकांत इतकं चांगलं काही नव्हतं.

दोन वर्षांनी भाईंदरच्या बाजारात भेटला.

"आजून कुठं दिसली न्हाय 'सोंगटी'," तो म्हणाला. "बंद पडली आसंल. बिचारा एकटाच आसंल तो. तुज्यासारखा जोडीदार सगल्यांना कुठं मिलतो?"