तरवडाची फुलं

सांगलीच्या बाजारात परवा वाळलेल्या तरवडाच्या फुलांची पाकिटं दिसली. "साखरेवर लय गुणकारी," दुकानदार म्हणाला. पाकीट नाकाशी नेलं तर वाळक्या गवताचा तोच कडवट वास आला, आणि रहिमतपूरचं आमचं अंगण आठवलं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साखरेचा आजार होता. गोळ्या सोडून ते तरवडाच्या फुलांचा काढा घेत. गावाबाहेरच्या माळावर पुरुषभर उंच तरवड पिवळाधमक फुललेला असे. दुष्काळात तो मरत नाही, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. "एवढं चिवट झाड माणसाला बरं करणार न्हाई व्हय?" आप्पा म्हणत.

त्या सकाळी ते टॉवेलात फुलं बांधून माळावरून अनवाणीच आले. नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्यांच्या पावलांमागे रक्ताचे ठसे उमटले.

"आवं, पायात काय शिरलंय?" आईनं विचारलं.

त्यांनी पाय उचलून पाहिला. तळव्यात बाभळीचा काटा खोल रुतला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी तो उपसून काढला तरी त्यांचा चेहरा हलला नाही.

"काढा लागू पडला," आई समाधानानं म्हणाली. "आता दुखतसुद्धा न्हाई." मलाही ते खरंच वाटलं.

पुढं जखम चिघळत गेली. साखरेनं पायाची जाणीवच मेली होती, हे डॉक्टरांनी मला तेव्हा सांगितलं. पाय गुडघ्याखाली काढायचं ठरलं, तेव्हा दवाखान्यात आप्पा मला म्हणाले, "दुखलं तर कवाच न्हाई. मग एवढं बिघडलं कवा?"

मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी करत राहिले.