जळगावचे अकरा तक्ते

चुडामणला रकाने आखायचं वेड होतं. पिंप्राळ्याला घरी बायको हीराबाई किराण्याची यादी सांगू लागली, की हा आधी कागदावर उभ्या रेघा मारत बसे. पण याच वेडापायी जळगावच्या केळी संघात त्याचं नाव झालं. चार हजार सभासदांची माहिती त्यानं अशी मांडली होती, की शेताचा नंबर सांगावा आणि खत, बेणं, गेलेला माल, सगळं दोन मिनिटांत समोर यावं. नोकरी मात्र आठ वर्षं हंगामीच.

१९७४ साली धुळ्याच्या कापूस संघानं त्याला बोलावून घेतलं. संघाला आपली माहिती मुंबईच्या एका केंद्रात यंत्राच्या कार्डांवर चढवायची होती. तक्ते चौदा, आणि एकेका तक्त्याची नवी मांडणी करायला केंद्र दीड हजार रुपये घेई. जळगावची मांडणी तिथं तयारच होती. तिच्यातले किती तक्ते जसेच्या तसे चालतील आणि किती पैसे वाचतील, एवढंच चुडामणनं सांगायचं होतं. बचत दहा हजारांवर गेली तर काम होणार आणि त्या कामावर तो कायम होणार. अध्यक्ष सुकदेवनानांनी नेमणुकीचं पत्र टाइप करून खणात ठेवलं होतं. हीराबाईनं तर गल्लीत पेढेसुद्धा वाटून टाकले.

चुडामणनं अकरा तक्ते लिहिले. बचत साडेसोळा हजार.

बैठकीच्या आदल्या दिवशी तो शिरपूरला गेला, आपला नुसता खात्रीसाठी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांची यादी तो वाचून दाखवत होता. आपलं नाव आलं तसा गुमान पावरा नावाचा शेतकरी शांतपणे म्हणाला, "भाऊ, हाऊ नंबर मना नई शे आते. गये साल व्हता. अवंदा सुपडूना शे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"साहेब देई तो."

जंगल खात्याच्या साहेबानं एकेका वर्षाच्या बोलीवर दिलेले जंगलातले प्लॉट. दर साली माणूस बदलणार, नंबर तोच राहणार. अकरापैकी आठ तक्ते शेताच्या नंबरावर उभे होते. सुपडूचा कापूस गुमानच्या नावावर जाणार आणि यंत्र ते बिनचूक छापणार. एसटीत बसून त्यानं हिशेब केला. उरले तीन तक्ते, साडेचार हजार. सोनगीर येईपर्यंत त्यानं तो चार वेळा केला. आकडा काही वाढेना.

सकाळी त्यानं नानांना एकट्याला गाठून सांगितलं. नानांनी पानाचा देठ खुडला.

"तीन हजार सभासदांत ते दोनशे. त्यांचं मागून बघू. तू अकराच वाच."

चुडामण 'हो' म्हणाला, आणि खरंच म्हणाला. त्याला ते पत्र हवं होतं.

बैठकीत तो कागद घेऊन उभा राहिला. कागदावर अकरा होते. त्यानं तीन वाचले. कारणही सांगितलं. नानांनी मान खाली घातली. काम बारगळलं, हे सगळ्यांना कळलं.

मग कापसाचे जुने व्यापारी भिकमचंद यांनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे ही खोट आमच्याकडचीच. तुमच्या जळगावात मांडणी चोख आहे ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर जुनी नोकरी तरी मानानं राहिली असती. पण चुडामणला मंदाबाई आठवली. दुसऱ्याच्या शेतात बटाईनं केळी लावणारी. खताच्या वाट्यासाठी ती दोनदा येऊन गेली होती. कार्डावर मालकाचं नाव होतं, तिचं नव्हतं. संघाकडे तुमचं काही निघत नाही, असं त्यानं तिला दोन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा ती आली नाही. त्याचा त्याला तेव्हा आनंदच झाला होता.

"नाही," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "तिथंही हेच आहे. तिथं माणूस आला होता सांगायला. मी कार्ड खरं धरलं."