उजव्या ओळीची पहिली जागा

लिओनिल्द गर्विष्ठ झाली आहे, ही बातमी कझाल दा फोन्त या सगळ्या गावाला कळली होती, फक्त लिओनिल्दला सोडून. तिला कळायची सोयच नव्हती. लोक हे तिच्या डाव्या बाजूला उभं राहून बोलत, आणि तिचा डावा कान तोवर जवळजवळ कामातून गेला होता.

शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाताना एर्मेलिंदाचं घर डाव्या हाताला लागे. एर्मेलिंदा म्हणजे तिच्या मुलीची, इझाउराची, धर्ममाता. त्या नात्याने दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणायच्या, लग्नाच्या आधीपासूनची मैत्री ती वेगळीच. एर्मेलिंदा कोबीच्या वाफ्यात वाकलेली असायची, तिथूनच हाक मारायची. आणि लिओनिल्द मान ताठ ठेवून सरळ पुढे जायची.

“मुलगी लिस्बनला नोकरीला लागली ना,” एर्मेलिंदा बेकरीत म्हणाली, “आता बाईसाहेबांना आम्ही कशाला दिसतोय!”

लिओनिल्दची मान होतीच ताठ. त्याला कारण होतं. गावात दर चार वर्षांनी जुलैत पावांच्या टोपल्यांची मिरवणूक निघते. टोपलीत उभ्या वेताच्या काड्या रोवायच्या, काड्यांत पाव ओवायचे, मधल्या फटी कागदी फुलांनी भरायच्या आणि शेंड्याला मुकुट बसवायचा. जिच्या डोक्यावर ती जाणार तिच्याच उंचीची टोपली. शुभ्र झगा, खांद्यावरून रंगीत पट्टा, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर हा मनोरा. बाजूने नवरा किंवा भाऊ चालतो, बाई थकली तर टोपली आपल्या खांद्यावर घ्यायला. लिओनिल्दने लग्नापासून एकही मिरवणूक चुकवली नव्हती, आणि व्हिर्जिलिओला, तिच्या नवऱ्याला, टोपलीला हात लावू दिला नव्हता.

“मी चार वर्षं थांबतो आणि मग नुसता शेजारून फिरून येतो,” तो म्हणायचा. “टाय मात्र दर वेळी नवा.”

कानात फ्रीज चालू असल्यासारखी घरघर सुरू झाली तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या पंख्याला दोष दिला. फोन उजव्या कानाला लावायची सवय कधी लागली ते तिलाही कळलं नाही. पण एकदा अंधाऱ्या तळघरातून ऑलिव्हच्या तेलाचा डबा आणताना ती कारण नसताना भिंतीवर कलंडली, आणि तेल सांडलं म्हणून नव्हे तर आपण सांडलं म्हणून तिला राग आला. इझाउराने ओढूनच डॉक्टरकडे नेलं.

लिस्बनच्या डॉक्टरबाई वयाने इझाउराएवढ्या. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. डोक्याच्या आत, कानाच्या नसेवर, चण्याएवढा पांढरा ठिपका होता.

“दोना लिओनिल्द, ही गाठ कॅन्सरची नाही. कुठे पसरणार नाही. पण वाढतेय, आणि जागा अडचणीची आहे. कवटी न उघडता, बारीक किरणं चहूबाजूंनी या ठिपक्यावर आणून आपण तिची वाढ थांबवू शकतो. एका दिवसाचं काम आहे.”

“म्हणजे ती जाईल?”

“जाणार नाही. थांबेल. आणि गेलेला कान परत येईल, असं मी सांगणार नाही.”

“कान राहू द्या. तोलाचं काय?”

“तोल उजव्या कानाला आणि पायांना नव्याने शिकवावा लागेल. वेळ जातो. तुम्हाला कसली घाई आहे?”

लिओनिल्दने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने फोन काढून मागच्या मिरवणुकीतला फोटो पुढे केला. डॉक्टरबाई बघतच राहिल्या.

“हे सगळं डोक्यावर?”

“पावच तर आहेत,” लिओनिल्द म्हणाली.

तारीख ऑक्टोबरात मिळाली. गावात तिने सांगितलं, मुलीकडे चाललेय, पडदे शिवायचेत. आपण आजारी आहोत हे एखादीला कळलं की ती मिरवणुकीत आपल्याकडे नाही, आपल्या पायांकडे बघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. व्हिर्जिलिओलाही शपथ घातली. तो बिचारा कॉफीच्या दुकानात जायचाच बंद झाला. तिथे त्याच्या पोटात काही राहत नसे.

आदल्या रात्री इझाउराने आईचे केस धुऊन दिले. केसांना रंग नको, तेल नको, फवारा नको, कानातलं-गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं, असं दवाखान्याने बजावलं होतं. रंग न लावल्यामुळे मुळांशी पांढरी पट्टी उमटली होती, आणि लिओनिल्दला गाठीपेक्षा त्या पट्टीची लाज वाटत होती.

सकाळी तिच्या डोक्याला एक धातूची चौकट बसवली. कपाळावर दोन आणि मागे दोन, अशा चार जागी सुईने बधिर करून स्क्रू आवळले. सुया झोंबल्या, मग नुसता दाब राहिला. डोकं जराही हलू नये म्हणून ही सोय. नर्स म्हणाली, “जड वाटतंय का, आजी?”

“आजी कोण?” लिओनिल्द म्हणाली. “आणि ह्याला जड म्हणतात होय?”

चौकट घालून ती पुन्हा चित्र काढायला गेली, मग डॉक्टरांचा हिशोब होईपर्यंत खुर्चीत बसून राहिली. व्हिर्जिलिओ आत आला, तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तीच म्हणाली, “असा काय बघतोस? मान बघ माझी. सरळ आहे की नाही?”

यंत्रात काहीच जाणवलं नाही. ना उजेड, ना चटका. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात गावातला मिरवणुकीचा रस्ता चालून काढला: चर्च, पाण्याची टाकी, बेकरीचा चढ, दगडी क्रूसाचा चौक. चौकात वळण येतं. तिथे ती अडली, मनातसुद्धा. पुन्हा पहिल्यापासून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं, डोळ्यांभोवती सूज आली होती आणि कोंबडीचं सूप सोडून काही नको वाटत होतं. आठवड्याभरात ती गावी परतली. कपाळावर दोन खपल्या होत्या, त्यावर तिने रुमाल बांधला, तरी त्या दोन्ही बाजूंनी डोकावत. एर्मेलिंदाने चर्चच्या पायऱ्यांवर गाठलंच, आणि या खेपेला उजव्या बाजूने.

“कपाळाला काय झालं गं?”

“कपाटाचं दार लागलं.”

“दोन्हीकडून?”

“दोन दारांचं कपाट आहे.”

एर्मेलिंदाने त्या रुमालाकडे एकदा पाहिलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. त्या दिवसापासून तिने हाक मारणंही सोडलं.

हिवाळाभर लिओनिल्द तोलाचा अभ्यास करत राहिली. शिकवणाऱ्या पोरीने भिंतीवरच्या एका खुणेवर नजर ठेवून मान हळूहळू फिरवायला सांगितलं होतं, आणि पावलाला पाऊल लावून बोळातून चालायला. नुसती चालली की ती लडखडे. एके दिवशी वैतागून तिने चुंबळ काढली, परातीत बटाटे भरले आणि परात डोक्यावर घेतली. वजन आल्याबरोबर मानेने आपली जुनी जागा पकडली, पाठीने मानेचं ऐकलं आणि पायांनी पाठीचं. बोळाच्या टोकापर्यंत ती सरळ गेली.

व्हिर्जिलिओ दारात उभा होता. “आता मला बटाट्यांसाठी पण नवा टाय लागणार,” तो म्हणाला, आणि घाईघाईने तोंड फिरवून बाहेर गेला.

पण ईस्टरच्या सुमारास सगळं पुन्हा बिघडलं. घर फिरू लागलं, गालाची शीर उडू लागली. पाव आणायला जाताना ती कुंपणाला धरधरून चालली, तेव्हा बेकरीत नवी बातमी तयार झाली: गर्वापाठोपाठ आता वाइनही, आणि तीही सकाळी! लिस्बनला नवं चित्र काढलं. पांढरा ठिपका मधून काळवंडला होता आणि कडेने फुगला होता.

“घाबरू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “किरणं लागू पडली की ती आधी अशीच फुगते. आतून मरतेय. सूज उतरायची गोळी देते.”

“जुलैपर्यंत उतरेल?”

“बहुतेक. पण उचलायचं की नाही, ते त्या दिवशी तुमचे पायच सांगतील.”

सूज उतरली. चक्कर कमी झाली, गेली मात्र नाही. जूनच्या शेवटी रिकाम्या टोपल्यांची तालीम होती. लिओनिल्दची जागा डाव्या ओळीत, मधोमध. पुरुष ओळीच्या बाहेरच्या अंगाने चालतात, म्हणजे व्हिर्जिलिओ तिच्या डावीकडे. बँड सुरू झाला. समोरच्या बायकांच्या टोपल्या डुलू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर तिचे डोळेही. ती डावीकडे सरकू लागली. व्हिर्जिलिओ कुजबुजत होता, “उजवीकडे घे, उजवीकडे,” पण बहिऱ्या कानाशी कुजबुजून काय उपयोग? शेवटी त्याने तिला खांद्याने रेटलं, तशी टोपली कलली आणि त्याला दोन्ही हातांनी ती धरावी लागली. सगळ्यांनी पाहिलं.

उत्सवाचा कारभारी आबिलिओ भला माणूस. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, “दोना लिओनिल्द, या वेळी इझाउराला उचलू द्या. रविवारपर्यंत सांगा.”

घरी आल्यावर ती कितीतरी वेळ हातात चुंबळ घेऊन बसली. मग म्हणाली, “मला उजवी ओळ पाहिजे. म्हणजे तू उजवीकडे येशील, तुझं बोलणं ऐकू येईल. आणि पुढे कुणी डुलणारं नको. पहिली जागा पाहिजे.”

“उजव्या ओळीची पहिली जागा एर्मेलिंदाची आहे,” व्हिर्जिलिओ म्हणाला. “ती एक वेळ घर देईल, जागा देणार नाही. तिच्या आईची जागा ती.”

“माहीत आहे मला.”

“आणि सगळं सांगावं लागेल तिला.”

“तेही माहीत आहे.”

एर्मेलिंदाच्या गॅरेजात कागदी फुलांचं काम चाललं होतं. लिओनिल्द आत आली तशा बायकांनी माना वर केल्या. तिने एक स्टूल ओढलं आणि एर्मेलिंदा आपल्या उजव्या हाताला येईल असं मुद्दाम मांडलं.

“कोमाद्रे, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आत गाठ होती, ती किरणांनी मारलीय. कपाळावर कपाट-बिपाट काही लागलं नव्हतं. आणि सकाळी मी वाइन पीत नाही.”

एर्मेलिंदाच्या हातातली कात्री तशीच राहिली. “म्हणजे मी वाफ्यातून हाका मारत होते...”

“मारत होतीस?”

“रोज! घसा बसेपर्यंत! आणि मी बाई सगळ्या गावाला सांगत सुटले की...” तिने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्या फुलांकडे बघायला लागल्या. “अगं दगडा, तोंड नव्हतं तुला? मी काय परकी होते?”

“तू माझ्याकडे दयेने बघितलं असतंस.”

“दया? तुझ्यावर? मेली, तुझ्या टोपलीचा शेंडा माझ्यापेक्षा सरळ राहतो म्हणून वीस वर्षं जळतेय मी!”

मग लिओनिल्दने जागा मागितली. आवाज खाली न आणता मागितली, जशी एखादी आपलं भांडं परत मागते. एर्मेलिंदाने हातातलं फूल पुरं केलं, तार पिळली, फूल बाजूला ठेवलं.

“पुढे तू. तुझ्या मागे मी,” ती म्हणाली. “पडलीस तर माझ्यावर पडशील, आणि मला माझा झगा खराब करून घ्यायचा नाहीये. आमच्या ओळीतली शेवटची जाईल डाव्या ओळीत, तुझ्या जागी. आबिलिओला मी सांगते.”

मिरवणुकीच्या दिवशी ऊन कडक होतं. व्हिर्जिलिओ आणि एर्मेलिंदाचा नवरा, दोघांनी मिळून टोपली उचलून चुंबळीवर ठेवली. पाव ओवलेली, भरलेली टोपली. लिओनिल्दने गुडघे सरळ केले आणि समोर पाहिलं. समोर कुणी नव्हतं, नुसता फुलं पसरलेला रस्ता. चांगल्या कानात नवरा बोलत होता: “नाली आली. जरा उजवीकडे. छान. चढ सुरू.” तीस वर्षांत तो मिरवणुकीत इतकं बोलला नव्हता.

क्रूसाच्या चौकात ओळी फाकतात. उजवी उजवीकडून आणि डावी डावीकडून क्रूसाला वळसा घालते. आजवर बायका हे वळण झोकात, एका गिरकीसरशी घेत. लिओनिल्द थांबली. पाठीमागे टोपल्यांची अख्खी रांग थांबली. आबिलिओ पुढे धावायला निघाला, पण एर्मेलिंदाने डोक्यावरचा मनोरा न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्याला जागीच रोखलं.

लिओनिल्दने आधी वळणापलीकडे दिसणाऱ्या चर्चच्या दाराची बिजागरी डोळ्यांनी पकडली. मग एक पाऊल. मग दुसरं, पहिल्याला लावून. मान नाही, खांदे नाही, सगळं अंग एकसंध, देव्हारा उचलून नेल्यासारखं वळत गेलं. बँडवाल्याने काय ओळखलं कोण जाणे, त्याने चाल संथ केली. मागून एर्मेलिंदाने तशीच पावलं टाकली, तिच्या मागच्या बाईनेही, आणि पलीकडे डाव्या ओळीने पाहिलं तेव्हा तिनेही. सगळा चौक पाव आणि फुलांसकट एका लयीत, सावकाश फिरला. बघणाऱ्यांना वाटलं, हे असंच ठरलेलं आहे. कडेला उभ्या बेकरीवालीने तर डोळे पुसले.

चर्चपुढे आशीर्वाद झाला, घंटा वाजल्या आणि टोपल्या उतरवायची वेळ आली. एकेक मनोरा पुरुषांच्या हातांनी खाली येऊ लागला. व्हिर्जिलिओने हात वर केले.

“थांब,” लिओनिल्द म्हणाली.

“पाय थरथरतायत तुझे.”

“थरथरू देत. झग्याच्या आत आहेत.”

एर्मेलिंदाची टोपली उतरली, तिच्या मागचीची उतरली, डावी ओळ सगळी उतरली. पायऱ्यांवर पंखा हलवत बसलेल्या बायकांत आता एकच टोपली उभी होती, शेंडा सरळ.

“झालं ना आता, बाईसाहेब?” एर्मेलिंदा तिच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली.

“झालं,” लिओनिल्द म्हणाली. “आता घे रे, व्हिर्जिलिओ.”