दव सुकेपर्यंत

जमीन नांगरायची कशासाठी, हे तुम्ही कधी कोणाला विचारलंय? विचारून बघा. "पेरायचं तर नांगरायला नको?" असं म्हणून समोरचा तुमच्याकडे असा बघेल, की जणू तुम्ही आंघोळीची गरजच काय असं विचारलंत.

तिनं विचारलं होतं. सासऱ्यांना, भर पंगतीत. त्यांचं उताराचं रान दर वर्षी ट्रॅक्टरनं नांगरलं जायचं, आणि पाऊस झाला की मोकळी झालेली माती खालच्या ओढ्यात. "मामा, आपण रान पेरतो की ओढा?" वस्तीनं तिला तिथल्या तिथं नाव देऊन टाकलं: ऐदीबाई. नांगरायचा कंटाळा, म्हणून शहाणपण सांगते!

तसं न नांगरता पेरण्यात नवं काय होतं? नांगर यायच्या आधी माणूस टोकदार काठीनं भोक पाडून बी टाकायचाच. याच उतारावर तिची आजेसासू तसं पेरायची, कारण बैलांचे पाय तिथं ठरत नसत. मग ट्रॅक्टर आला, त्यामागं पेरायची पाभर आली. वरच्या चाड्यात मुठीनं बी सोडायचं, पोकळ नळ्यांतून ते खाली पडायचं, पीक सरळ ओळीत यायचं. पण पाभरीला लागतं मऊ, साफ रान. मागच्या पिकाची धसकटं तशीच ठेवली, तर ती फणांत गोळा होऊन बसतात.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर. त्यानं भंगारातून पोलादी तवे आणले, धार लावली आणि पाभरीच्या प्रत्येक फणापुढे एकेक बसवला. तव्यानं धसकट कापायचं, जमिनीला चीर पाडायची, चिरेत बी पडायचं, मागच्या चाकानं ती दाबायची. बाकी मातीला हात लावायचा नाही.

"तायडे, चाललं तर नाव तुझं आणि बिघडलं तर माझं, असंच ना?"

"बिघडलं तरी माझंच. तुला ओळखतं कोण?"

पहिल्या वर्षी तणानं पीक गिळलं. खुरपून खुरपून तिची बोटं मिटेनात. दुसऱ्या वर्षी तण दबलं, पण पीक आलं टकलावरच्या केसांसारखं. इथं झुपका, तिथं रखरखाट. सासऱ्यांनी बांधावरून बघितलं. "आणखी एक हंगाम. नाही उगवलं, तर मी नांगर घालणार. मग बोलायचं नाही." नवरा दूर कुठं ट्रकवर. तो फोनवर म्हणाला, "ऐक त्यांचं. दमलीस गं." दमली तर होतीच. ते कळणारा एवढा एकच, आणि तोही फोनवर.

तिनं खुरप्यानं रिकाम्या ओळी उकरल्या. बी तिथंच होतं, बुरसलेलं. धसकटाची काडी कापली न जाता दुमडून चिरेत गेली होती आणि बी तिच्या घडीत बसलं होतं. मातीला शिवलंच नव्हतं. दाट उगवलेला पट्टा एकच. तिथं पेरताना तवा निखळला होता, आणि भाऊ येऊन जोडेपर्यंत दुपार झाल्यानं तेवढा पट्टा उन्हात पेरला गेला होता.

लोक ऐदी म्हणतात, म्हणून ती रोज उजाडायच्या आत ट्रॅक्टरला यंत्र जुंपायची आणि ऊन चढायच्या आत पेरणी उरकायची. दवानं भिजलेली काडी वाकते. मोडते ती सुकलेली. लोकांच्या तोंडाला भिऊन तिनं स्वतःचंच पीक मारलं होतं. हसावं की रडावं? दोन्हीचं त्राण नव्हतं.

पुढच्या पेरणीला ती सकाळी बांधावर बसून राहिली. आजूबाजूला सगळ्यांचे ट्रॅक्टर धडधडत होते. "काय ऐदीबाई, रान आपलं आपण पेरून घेणार का?" जाणारा येणारा विचारून जाई. शिवी ओठांवर यायची, ती गिळायची. शेवटी सासरेच आले.

"ऊन चढलं. उठायचा विचार आहे की नाही?"

तिनं एक काडी त्यांच्या हातात दिली. "मोडा."

काडी वाकली.

"मोडली की उठते."

सासरे गुडघे धरत शेजारी टेकले. "आता मलाही ऐदी म्हणतील."

"म्हणू देत. मला तेवढीच सोबत."

ते काड्या वाकवत राहिले. बऱ्याच वेळानं एक कट्कन मोडली. "ऊठ," ते म्हणाले.

पीक उगवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासऱ्यांनी नांगराचं नाव काढलं नाही. भाऊ नाचला. ती भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपली.

आता तिचं यंत्र लोक मागून नेतात. भल्या पहाटे जुंपतात आणि महिन्याभरानं तिच्याच दारात येऊन भांडतात. तेच तेच सांगून तिचा घसा बसलाय. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे: यंत्र हवं तर खुशाल न्या, पण दव सुकेपर्यंत बांधावर बसायची लाज वाटत असेल, तर तिच्या दाराची कडी वाजवू नका.