कुलूप लावलेलं घर

दुर्गाघाटावरचे नरहर मोघे पंचवीस वर्षं एका मदतसंस्थेतर्फे पुरात घरोघर शिधा पोहोचवत आले. यंदा संस्थेनं एआय आणलं. दारांचे फोटो बघून कुठल्या घरात माणसं अडकलीत, हे ते सांगायचं. नरहरांनी गल्लीत फिरून खात्री करायची आणि मोबाइलवर ‘तपासलं’ या चौकोनावर बोट टेकवायचं. मशीन थकत नाही, असं संस्थेचे साहेब म्हणाले होते. नरहरांचे गुडघे थकले होते. त्यांनी खाटेवर बसूनच बोट टेकवलं.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं आणि सारनाथला अडकलेली, इरावतीआजींच्या शेजारची बकुळ त्यांच्या घराची चावी घेऊन धावत आली.

“काका, इरावतीआजींना खिडकीतून डबा दिलात ना?”

“घर रिकामं दाखवत होतं. बाहेरून ताला होता.”

“ताला मीच लावते. आजी विसरून घाटाकडे निघतात. अख्ख्या मोहल्ल्याला माहीत आहे.”

“मशीनला नव्हतं.”

“तुम्हाला होतं, काका.”

दार उघडलं तेव्हा आजी खिडकीखाली पडल्या होत्या. हातात रिकामा डबा होता, अंग गार.

आता नरहर काठी टेकत प्रत्येक कुलपापाशी थांबतात आणि हाक मारतात. ओ आली नाही, तर पुन्हा मारतात. मोबाइल तोवर खिशातच असतो.