दोन रकान्यांचे काका

काका तांदळाच्या पोत्याला कान लावत. अमेरिकेतल्या अर्विंग गावच्या इंडियन ग्रोसरीत, भर शनिवारी, मागे लोक खोळंबलेले असताना, हे सत्तरीतले गृहस्थ पोतं हलवायचे, कान लावायचे, वास घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे, "तांदूळच आहे." जणू आतून तोफ निघाली असती!

त्यांच्या मते ती निघूही शकली असती. तरुणपणी ते आपल्या सैन्यात कारकून होते आणि लाओसमध्ये जाऊन आले होते. फ्रेंच नुकतेच गेलेले, देश कोवळा, आणि त्याच्या मदतीला दोन धटिंगण एकदम धावलेले: इकडून अमेरिका, तिकडून रशिया. बाहेरून शस्त्रं येऊ नयेत म्हणून नजर ठेवायला एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला होता, त्यात भारतही होता. त्याचे अहवाल टाइप करायचं काम काकांकडे.

"दोघांच्याही पेट्यांवर एकच शब्द," काका सांगत. "मदत! एक साहेब म्हणाला, आत नांगराचे फाळ आहेत. मी वास घेतला. अहो नाटकवाले, फाळाला बंदुकीचं तेल कोण लावतं?"

"मग उघडली पेटी?"

"उघडायची परवानगी नव्हती. नुसतं बघायची होती."

नाटकवाले म्हणजे मी. मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक नाटक पाडतो, म्हणून. काका माझ्या शेजारी, मुलगा-सुनेकडे राहायचे. मुलगा समीर आणि सून दोघंही आयटीत, त्यामुळे दिवसभर काकांना मी आणि मला काका.

लाओसमधल्या त्यांच्या मेजरसाहेबांनी त्यांना एक शिस्त लावली होती. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'सांगितलं'. "रेघ जाड मारायची," काका म्हणत, "नाहीतर उजवीकडचं डावीकडे झिरपतं." चाळीस वर्षं झाली तरी खिशात वही होतीच. तिच्यात मीही होतो. सांगितलं: नाटकवाल्यांनी गोड सोडलं. पाहिलं: चौथा गुलाबजाम.

दोन हजार दोनमध्ये या वहीने पोलीस आणले. फुटपाथवर उभा राहून एक सावळा म्हातारा घरांकडे बघतो आणि काहीतरी टिपून घेतो, असं कुणीतरी कळवलं होतं. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत तेवढं पुरे व्हायचं. ऑफिसरने वही उलटसुलट केली आणि मला भाषांतर करायला लावलं. मी घसा खाकरून, शक्य तितक्या गंभीर आवाजात वाचलं, "सांगितलं: हिरव्या दाराच्या घरातलं कुत्रं चावत नाही. पाहिलं: पोस्टमनची पँट." ऑफिसर हसत हसत गेला. काकांनी लगेच नोंद केली. सांगितलं: काळजीचं कारण नाही. पाहिलं: गाडी कोपऱ्यावर दहा मिनिटं उभी.

पुढच्या वर्षी इराकचं युद्ध सुरू झालं. टीव्हीवर कुणी म्हणालं, तिथले लोक आमचं स्वागत करतील. काकांनी उजवा रकाना भरला आणि म्हणाले, "पेटी तीच. शिक्का ताजा मारलाय."

आणि मग त्यांची नात मीरा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, अमेरिकन सैन्याच्या रिझर्व्हमध्ये मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारी, व्हायचं म्हणून फॉर्म घेऊन आली. घरात भूकंप. सून रडत होती, समीर येरझाऱ्या घालत होता. मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं. मी अर्थात चहा पीत होतो.

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला!" समीर म्हणाला.

"आजोबा, दे नीड हेल्प," मीरा म्हणाली. "आय वॉन्ट टु हेल्प."

हेल्प! काकांच्या भुवया वर गेल्या. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी वही पुढे केली, रेघ मारली आणि म्हणाले, "लिही."

मीरा प्रामाणिक मुलगी. तिने भरभर उजवीकडे लिहिलं. भरतीवाल्या सार्जंटने सांगितलं, हॉस्पिटलमध्येच ड्यूटी. सांगितलं, एक वर्षात परत. सांगितलं, लोकांना आपण हवे आहोत. पान संपलं. डावीकडे एक अक्षर नाही.

काका खुर्चीत मागे रेलले, खटला जिंकलेल्या वकिलासारखे. मीरा त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग जाऊन बघायला नको का?"

मी इतकी वर्षं रंगभूमीवर आहे, पण इतकं परफेक्ट वाक्य मला कधी जमलं नाही. त्यांच्याच शिस्तीने त्यांना चीत केलं होतं. त्यांनी खिशातून एक कोरी वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "रेघ जाड मार," एवढंच म्हणाले.

ती इराकला गेली. तिच्या ईमेल यायच्या: जेवण छान, उकाडा फार, सगळं ओके. काका प्रिंट काढून घ्यायचे आणि कागद उजेडात धरायचे. "सगळं उजवीकडचं आहे हो," म्हणायचे.

ती परत आली. हातीपायी धड. वही तिने आजोबांच्या हातात दिली. काकांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. त्यात काय होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि विचारायची माझीही हिंमत झाली नाही. मीराला त्यांनी फक्त विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"आय ॲम फाइन, आजोबा."

त्यांनी ते लिहून घेतलं. कुठे, ते मी वाकून पाहिलं. उजवीकडे.

दीड वर्षाने काका गेले. त्यांची शेवटची वही मीराने मला दाखवली. पानामागून पान. सांगितलं: मीरा बरी आहे. सांगितलं: मीरा बरी आहे. डावीकडे कोरं. रोज.

फक्त गणपतीच्या दिवशी डावीकडे दोन ओळी होत्या. "पाहिलं: भर प्रवेशात नाटकवाल्यांची मिशी पडली. मीरा हसली."

डिंक कच्चा होता, मिशी आपोआप पडली, असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं आहे. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, ते तुम्ही ठरवा.